ही माणसं काय करतायत?

(१९९७च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवताना वाक्यं थोडी सरळ केली आहेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलं आहे.)

शेवटच्या दोन बाकांना वेगळा नमस्कार, कारण अठ्ठावीस वर्षांनी तुम्ही बरोब्बर त्याच जागा धरल्या आहेत आणि आत्ताही बोलतच आहात.

समितीने मला फोन करून सांगितलं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर ए.आय.वर बोल. आपल्या मुलांच्या नोकऱ्या राहणार की जाणार, ते सांग." ते मला कळत असतं तर मी रोज सकाळी ठाण्याला उतरण्यासाठी डोंबिवलीच्या फलाटावर धक्के खाल्ले नसते. तेव्हा तो विषय राहू दे. मी एका चित्राबद्दल बोलणार आहे. ते चित्र मी नववीत असताना आपल्या शाळेत काढलं होतं. तुमच्यापैकी काहींना आठवतही असेल, कारण ते वर्षभर शिक्षकांच्या खोलीबाहेर लावलेलं होतं. आणि ज्या माणसामुळे असं चित्र माझ्यापर्यंत पोचलं, त्याच्याबद्दलही बोलणार आहे. हा माणूस तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात राहत होता आणि त्याचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं.

स्पर्धेचा विषय होता 'आपला ठाणे जिल्हा'. मुलांनी मासुंदा तलाव काढला, कल्याणची खाडी काढली, एकाने दुर्गाडी किल्ला काढला आणि त्यावर भगवा मोठा झाल्यामुळे किल्ला लहान झाला. मी वारली चित्र काढायचं ठरवलं. कारण साधं होतं. एलिमेंटरीच्या परीक्षेसाठी संकल्पचित्राचा सराव चालला होता, आणि वारली म्हणजे दोन त्रिकोण, एक गोल, चार रेघा, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. माणसं काढता येत नसतील तर वारली काढा, असा आमच्यात सरळ हिशोब होता. मी तपकिरी कार्डशीट घेतला, पांढरा पोस्टर कलर घेतला. एका जुन्या कॅलेंडरवर मधोमध चौकट, चौकटीत एक आकृती, भोवती नक्षी असं चित्र होतं, ते जसंच्या तसं उतरवलं. बाजूला जागा उरली तिथे नाचणारी माणसं भरली. ती मोजून चोवीस होती. पट्टी लावून काढलेली.

मी रंगवत असताना वर्गातली एक मुलगी मागे येऊन उभी राहिली. तिचं नाव मी इथे घेत नाही, काहींना आठवेल. ती फार बोलायची नाही. विक्रमगडकडची, इथे मामाकडे राहून शिकते, एवढंच आम्हाला माहीत होतं. ती म्हणाली, "हा चौक लग्नातला आहे. असाच काढत नाहीत." मी म्हटलं, "मग काय झालं? चित्रच तर आहे." ती म्हणाली, "आमच्याकडे सवासिनी काढतात." मी हसले. वाईट हसले असं नाही, पण हसले. आमच्याकडे म्हणजे कुठे, हे विचारायचं मला सुचलं नाही. मला पहिलं बक्षीस मिळालं, कंपासपेटी. दहावीनंतर ती कुठे गेली ते मला ठाऊक नाही. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही ती नाही.

आता त्या माणसाकडे येते. जिव्या सोमा मशे. जन्म १९३४चा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. सात वर्षांचे असताना आई गेली. त्या धक्क्याने त्यांचं बोलणं बंद झालं आणि ते मातीत बोटाने चित्रं काढून सांगू लागले, असं त्यांच्याबद्दल सांगतात. पुढे ते डहाणू तालुक्यात गंजाडजवळ कळंबीपाड्याला आले आणि तिथलेच झाले.

आता जरा ती बाई-पुरुषांची भानगड सांगते, कारण माझ्या वर्गमैत्रिणीचं बोलणं मला कळायला त्यानंतर पंचवीस-सव्वीस वर्षं लागली. वारल्यांच्या घरात भिंतीवर जे चित्र निघायचं ते मुळात लग्नासाठी. कुडाच्या भिंतीला शेणमातीचा आणि गेरूचा हात द्यायचा. तांदूळ वाटून पाण्यात कालवायचा, बांबूची काडी चावून तिचं टोक कुंच्यासारखं करायचं, आणि घरातल्या-पाड्यातल्या सवाष्णींनी भिंतीवर लग्नचौक लिहायचा. मधल्या चौकटीत पालघाट देवी. तिच्याबरोबर फणी, शिडी, सूर्य, चंद्र. शेजारी लहान देवचौक, त्यात पंचशिऱ्या देव. चौकाबाहेर झाडं, जनावरं, नाच. हा चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. यात पुरुषाचं काम नाही. लग्न झालं की चित्र भिंतीबरोबर धुरकटतं, पावसाळ्यात उडतं, आणि कोणी ते जपून ठेवायला जात नाही. पुढच्या लग्नाला पुढचा चौक.

मी जी आकृती कॅलेंडरवरून उतरवली होती ती पालघाट होती. आपल्याकडे कोणी मधुपर्काचं ताट नुसतं शोभेला म्हणून मांडलं तर आपल्या आज्या काय म्हणाल्या असत्या, ते आठवा. ती मुलगी तेवढंच म्हणत होती, तेही फार हळू.

मग हे कागदावर कसं आलं? १९७०च्या आसपास मुंबईहून भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार या भागात आले. ते विणकर सेवा केंद्रात काम करत. त्याआधी, १९६६-६७च्या बिहारच्या दुष्काळात, पुपुल जयकरांनी त्यांना मधुबनीला पाठवलं होतं. तिथल्या बायका भिंतीवर आणि जमिनीवर जे काढत, ते कागदावर काढलं तर विकता येईल, हातात चार पैसे येतील, असा त्यामागचा विचार होता. कुलकर्णींनी तिथे कागद वाटले. काय काढायचं ते शिकवलं नाही. माझ्या मते त्यांची सगळी शिकवणूक या न शिकवण्यातच होती. शहरातून कला शिकून गेलेल्या माणसाला प्रमाण सुधारून देण्याचा, सावली कशी टाकायची ते दाखवण्याचा मोह किती होत असेल! आपले चित्रकलेचे सर हसतायत, त्यांना माहीत आहे.

तसेच कागद त्यांनी डहाणूकडे आणले. आणि इथे त्यांना एक पुरुष भेटला जो लग्न असो-नसो, रोज चित्र काढत होता. रिवाजापलीकडे, आपल्याला काढावंसं वाटतं म्हणून. १९७५ला मुंबईत केमोल्ड गॅलरीत जिव्यांच्या चित्रांचं प्रदर्शन झालं. १९७६ला राष्ट्रीय पुरस्कार. त्याच वर्षी चित्रं फ्रान्सला गेली. मग गावातले इतर पुरुषही काढू लागले, त्यांची मुलं, सदाशिव आणि बाळू, शेजारी बसून शिकली, आणि आज गंजाडच्या परिसरात कितीतरी घरं चित्रांवर चालतात. बायकांच्या हातातली गोष्ट बाजारात आली आणि पुरुषांची झाली, हेही खरं. मला ते खुपतं. पण जिव्यांच्या चित्रांसमोर उभी राहिले की मी ही तक्रार थोडा वेळ बाजूला ठेवते, कारण त्यांनी चौक उचलून विकला नाही. त्यांनी चौकाबाहेरचं जग मोठं केलं. मासे पकडायचं जाळं घ्या. कागदभर एकच जाळं, पांढऱ्या बारीक रेघांचं, लाटेसारखं हलणारं, आणि एका कडेला ते धरलेला एवढासा माणूस. किंवा वारूळ, आणि त्यातून निघालेल्या हजार मुंग्या. जवळ जाऊन बघितलं तर एक मुंगी दुसरीसारखी नाही.

१९८९ साली पॅरिसला पाँपिदू केंद्राने एक मोठं प्रदर्शन भरवलं, जगभरातल्या शंभर कलाकारांचं, निम्मे पाश्चात्त्य आणि निम्मे बाकीच्या जगातले. त्यात जिव्या सोमा मशे होते. म्हणजे मी पट्टी लावून माणसं काढत होते त्याच्या सहा-सात वर्षं आधी त्यांचं काम पॅरिसला लागून गेलं होतं, आणि ते स्वतः आपल्याच जिल्ह्यात, डोंबिवलीहून चार-साडेचार तासांवर, शेती करत आणि चित्रं काढत बसले होते. आपली सहल मात्र दर वर्षी टिटवाळ्याला गेली.

(यावर हशा झाला. बाई, सहलीबद्दल तक्रार नाही, तिथली मिसळ मला अजून आठवते.)

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. रिचर्ड लाँग नावाचा इंग्रज कलाकार आहे. १९६७ मध्ये त्याने एका गवताळ माळावर नुसतं मागे-पुढे चालून एक सरळ पायवाट पाडली, तिचा फोटो काढला आणि म्हणाला, हे माझं काम. चालून काढलेली रेघ. लोकांनी डोकी खाजवली. तो २००३ मध्ये वारल्यांच्या मुलखात आला, आणि त्याच वर्षी जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात त्याचं आणि जिव्यांचं काम शेजारी-शेजारी मांडलं गेलं. एक जण विद्यापीठी कलेतून आलेला, दुसरा शाळेत न शिकलेला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. पण रेघ ही चालण्यातून येते, हे दोघांनाही ठाऊक होतं. आयुष्य म्हणजे सतत हलणं, माणसं, पाखरं, किडे सगळं हलतंय, अशा अर्थाचं जिव्या बोलत असत.

जपानचंही सांगते, कारण त्यात शाळा आहे. निइगाता प्रांतात तोकामाची इथे एक मिथिला संग्रहालय आहे. १९८२ला तोकिओ हासेगावा या माणसाने बंद पडलेल्या प्राथमिक शाळेच्या इमारतीत ते सुरू केलं. तिथे बर्फ माणसाच्या डोक्याच्या वर पडतो. अशा ठिकाणी मधुबनीच्या बायका आणि आपल्याकडचे वारली कलाकार जाऊन महिनोन्‌महिने राहिले आणि चित्रं काढली. जिव्याही तिथे होते. बंद पडलेल्या शाळेचा असा उपयोग! आपली शाळा बंद पडू नये, पण पहिलीच्या वर्गांची पटसंख्या किती आहे ते मी मघाशीच बाईंना विचारलं, आणि त्यांनी विषय बदलला.

आता माझं थोडं. इंजिनिअरिंग झालं, नोकरी लागली, चित्रकला सुटली ती सुटलीच. नंतर तीन वर्षं प्रोजेक्टवर लंडनजवळ होते. तिथे रविवारी काही मराठी घरं मिळून एका भाड्याच्या हॉलमध्ये मुलांची मराठी शाळा चालवायची आणि माझ्या गळ्यात सहा ते नऊ वर्षांची मुलं पडली. त्यांना नामं यायची. आजी, पोळी, पाणी, गाडी. क्रियापदं यायची नाहीत. सगळ्याला 'करणं' लावायचे. "मी पोळी केली" म्हणजे खाल्ली, "मी आजीला केलं" म्हणजे फोन केला.

तेव्हा मला चेन्नईच्या तारा बुक्सचं एक पुस्तक मिळालं, २००९चं. 'डू!' असं नाव. रमेश हेंगाडी आणि शांताराम धडपे या वारली चित्रकारांनी गीता वुल्फ यांच्याबरोबर केलेलं, रसिका हेंगाडी आणि कुसुम खरपडे यांचाही त्यात हात आहे. खाकी कागदावर पांढऱ्या शाईने हाताने छापलेलं. अख्खं पुस्तक क्रियापदांचं. पानावर एक क्रियापद आणि तेच करणारी कितीतरी माणसं, प्रत्येक जण ते आपल्या पद्धतीने करतोय. मी इंग्रजी शब्दांवर कागद चिकटवून टाकला आणि मुलांना विचारायला लागले, ही काय करतेय? आणि हा? वाकलाय, उचलतोय, ओढतोय, ढकलतोय, दमलाय. 'दमलाय' हा शब्द एका मुलाने स्वतःहून काढला, तेव्हा मला काय आनंद झाला! हॉलच्या शेजारी राहणारी एक पोलिश मुलगी पण येऊन बसायची. तिला मराठी येत नव्हतं, तिला काही अडलं नाही. नंतर मुलांनी स्वतःची पानं काढली, त्यात सरकत्या जिन्यावर उभी राहिलेली माणसं होती आणि छत्री उलटी झालेला माणूस होता. एकाने त्याची आई काढली, मोबाइलवर बोलत एका हाताने कुकर लावणारी. तिचा वरचा त्रिकोण त्याने पार एका बाजूला कलंडवला होता. कोणी त्याला ते शिकवलं नव्हतं.

एवढं सगळं मी शिकवलं. मग मी स्वतः काय केलं ते ऐका.

परत आले, ठाण्याला नोकरी लागली. आमच्याकडे ग्रामीण भागातल्या खातेदारांसाठी एक ॲप चाललं होतं. पडद्यावर छोटी चित्रं हवी होती, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही कळेल. मी पुढे होऊन सांगितलं, वारली करू या, मला येतं. आणि शनिवार-रविवार बसून केलं. एक माणूस काढला आणि तो सहा वेळा चिकटवला. एकाच्या हातात नाणं, एकाच्या हातात मोबाइल, एकाच्या डोक्यावर घर. सगळ्यांना आवडलं. दिवाळीच्या शुभेच्छापत्रावर पण तीच माणसं गेली. मला त्याचं प्रशस्तिपत्रक मिळालं, म्हणजे कंपासपेटीनंतरचं दुसरं बक्षीस.

जिव्या सोमा मशे १५ मे २०१८ला गेले. पेपरात मोठी बातमी होती, पद्मश्री वगैरे, ती २०११ला मिळाली होती. ती बातमी वाचताना मला पहिल्यांदा त्यांचं गाव कळलं आणि मी नकाशा उघडून बघितला. आणि मग, आपण सगळे करतो तसं, चार वर्षं काही केलं नाही.

२०२२च्या डिसेंबरात मुलीला घेऊन गेले. तिची चित्रकलेची परीक्षा होती, तीच एलिमेंटरी. वसईला गाडी बदलून डहाणू रोड, तिथून जीप. आता तो पालघर जिल्हा, १ ऑगस्ट २०१४पासून ठाण्यातून वेगळा. गंजाडकडे एका चित्रकाराच्या घरी दोन दिवस शिकायची सोय झाली. साधारण माझ्याच वयाचे गृहस्थ. त्यांच्या आईने अंगणातल्या भिंतीला सकाळीच शेणाचा हात दिला होता आणि तो ओला वास अंगणभर होता. मुलगी लगेच बसली. मी आपली कौतुकाने फोन काढला आणि त्यांना ॲपमधली चित्रं दाखवली. मी पण काढते हो, असं.

त्यांनी फोन हातात घेतला, लांब धरला, चश्मा नव्हता. मग विचारलं, "ताई, ही माणसं काय करतायत?"

म्हटलं, हा पैसे भरतोय, हा कर्ज घेतोय, हा कर्ज फेडतोय.

ते बघत राहिले. मग म्हणाले, "पण सगळे सारखेच उभे आहेत. कर्ज फेडणारा माणूस इतका ताठ उभा राहील का?"

त्यांची आई आतून हसली. मीही हसले, पण ते हसू मला नववीतल्या त्या हसण्याची आठवण करून गेलं, आणि तिथेच ती मुलगी आठवली. मग मी त्यांना विचारलं, लग्नाशिवाय चौक काढतात का? ते म्हणाले, विकायला काढतात हल्ली, कोणी मागितलं तर. त्यांची आई म्हणाली, "मी नाही काढत." एवढंच. पुढे कोणी काही बोललं नाही आणि त्या भाकरी थापायला गेल्या.

त्या दोन दिवसांत मी जे शिकले ते सांगते, कारण सरांना ते ऐकायचं असेल. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून असतात, ते आपल्याला माहीत होतं. ते टोक म्हणजे कंबर. वरचा त्रिकोण खालच्याच्या अगदी वर बसवला तर माणूस उभा राहतो. केसभर पुढे सरकवला तर चालायला लागतो. आणखी पुढे, आणि पाय लांब, तर पळतो. वरचा जवळजवळ आडवा केला तर तो लावणी लावतो, भात कापतो, ओझं उचलतो. डोक्याचा गोल शेवटी. तो कुठे ठेवाल त्यावर माणूस कुठे बघतोय ते ठरतं. नाकडोळे नाहीत तरी कळतं. बायकांना अंबाडा. तारपा वाजवणारा मधे असतो आणि नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती गुंडाळत जाते, तीसुद्धा एकसारखी नसते, एकाचा पाय उचललेला, दुसऱ्याचा टेकलेला, तेव्हा ती फिरते. पट्टी लागली की थांबते. माझी चोवीस माणसं १९९५पासून थांबलेली होती.

मला ते जमलं नाही. मुलीला जमलं. माझा हात आधी त्रिकोण नीट करायला जातो आणि मग माणसाकडे. त्यांनी माझा कागद बघितला आणि म्हणाले, "तुम्ही त्रिकोण काढता. माणूस काढा."

परत आल्यावर ऑफिसात मी म्हटलं, ही चित्रं बदलू या, तिथल्या चित्रकाराकडून करून घेऊ, पैसे देऊन, नाव घालून. वारली चित्रांना २०१४पासून भौगोलिक मानांकनही आहे, हे सांगितलं. उत्तर मिळालं की चित्रं चालतायत, कोणी तक्रार केलेली नाही, आणि इंटरनेटवर असली माणसं फुकट मिळतात. ते खरंच आहे. गोळाभर माणसं मिळतात, आणि आता ए.आय.ला सांगितलं तर आणखी मिळतील, सगळी ताठ. (बघा, समितीचा विषय आला.) सात महिने मी मागे लागले. शेवटी सहापैकी तीन चित्रं त्यांच्याकडून करून घेतली. पैसे वेळेवर गेले, नाव माहितीच्या पानावर आलं. उरलेल्या तीन पडद्यांवर माझी चिकटवलेली माणसं अजून आहेत. कर्ज फेडणाऱ्याचं चित्र मात्र बदललं. तो आता खाली वाकलेला आहे, एक हात गुडघ्यावर, आणि मागे त्याची बायको पदरातून पैसे सोडते आहे. पहिल्यांदा ते चित्र ऑफिसात आलं तेव्हा चहा देणाऱ्या मावशी ट्रे घेऊन स्क्रीनसमोर थांबल्या आणि म्हणाल्या, हा तर आमच्याकडचाच हप्ता.

माझी दहा मिनिटं कधीच संपली. समितीचे लोक घड्याळ दाखवतायत आणि आतून कुर्मा-पुरीचा वास येतोय, तर थांबते.

एकच काम आहे. त्या मुलीचं नाव ज्यांना आठवलं असेल त्यांनी मोठ्याने सांगू नका. ती दुसऱ्या रांगेत खिडकीजवळ बसायची, तिच्या मामांचं घर रेल्वे रुळांच्या पलीकडे होतं. कोणाकडे तिचा नंबर असेल, किंवा मामांचं घर अजून तिथेच असेल, तर जेवताना मला सांगा. माझ्याकडे पिशवीत माझं ते नववीतलं चित्र आहे. शाळेच्या माळ्यावर सापडलं, मघाशी शिपाईकाकांनी धूळ झटकून दिलं. मी पाण्याच्या पिंपाशेजारच्या टेबलावर असेन.